आधी लायसन्सचं माप, मग मशीन

प्रश्न एका नागरी सहकारी बँकेच्या आयटी विभागातून आला आहे. बँकेचा मुख्य डेटाबेस सर्व्हर आयबीएमच्या पॉवर७ चिपचा आहे. त्यात एकूण ८ कोर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असून त्यातले ४ कोर एका बंदिस्त पार्टिशनमध्ये, म्हणजे मशीनच्या वेगळ्या काढलेल्या भागात, ओरॅकल डेटाबेसच्या एंटरप्राइझ एडिशनला दिले आहेत. लायसन्स प्रोसेसरच्या हिशेबाने ४ घेतली आहेत आणि डीआर साइटला, म्हणजे आपत्तीत वापरायच्या पर्यायी केंद्राला, वेगळी ४. हार्डवेअर आता जुनं झालंय. व्हेंडरने सुचवलंय की दोन नवे एक्स८६ (इंटेल किंवा एएमडी चिपचे) सर्व्हर घ्या, प्रत्येकात ३२ कोरचे दोन प्रोसेसर, आणि त्यावर व्हर्च्युअलायझेशनचं क्लस्टर करून, म्हणजे दोन्ही जोडून त्यांवर सॉफ्टवेअरने बनवलेली आभासी मशीन (व्हीएम) चालवून, सगळं त्यात हलवा. 'लायसन्स तीच चालतील, प्रोसेसर तर चारच होतात,' असं तो म्हणतो. हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

बरोबर नाही. पर्चेस ऑर्डरवर सही झाली नसेल तर आजच थांबवा.

व्हेंडरने सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा) मोजले. दोन सर्व्हर, प्रत्येकी दोन सॉकेट, म्हणून चार. पण एंटरप्राइझ एडिशनच्या करारात 'प्रोसेसर' या शब्दाचा अर्थ सॉकेट नाही. तिथे चिपमधले सगळे कोर मोजायचे, त्यांना त्या चिपच्या कोर फॅक्टरने, म्हणजे ओरॅकलच्या तक्त्यात त्या चिपला दिलेल्या आकड्याने, गुणायचं आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक धरायचा. पॉवर६ आणि त्यानंतरच्या पॉवर चिपचा फॅक्टर १.० आहे, म्हणून तुमचे ४ कोर म्हणजे ४ लायसन्स. इंटेल झिऑन आणि एएमडी एपिक यांचा फॅक्टर ०.५ आहे. नव्या प्रस्तावात एका सर्व्हरचे ६४ कोर, दोन्हींचे मिळून १२८, म्हणजे ६४ लायसन्स. मुख्य साइटसाठी तुमच्याकडे आहेत ४. उरलेल्या ६० लायसन्सची किंमत छापील दराने, म्हणजे प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर धरून, २८,५०,००० डॉलर होते. वर दरवर्षी २२ टक्के सपोर्ट, म्हणजे ६,२७,००० डॉलर. प्रत्यक्षात सवलत मिळते आणि बऱ्यापैकी मिळते, पण सर्व्हरच्या कोटेशनपुढे हा आकडा कुठल्या कुठे जातो हे संचालक मंडळाला दिसायलाच हवं.

'क्लस्टरमध्ये आम्ही डेटाबेसच्या व्हीएमला चारच कोर देणार आहोत, मग १२८ का मोजायचे?' असं तुम्ही विचाराल. तुमच्या प्रकरणातला खरा पेच इथेच आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

जुन्या मशीनवर ८ पैकी ४ कोरचंच लायसन्स चाललं, कारण पॉवरमधलं कॅप्ड (कमाल मर्यादा घातलेलं) पार्टिशन ओरॅकलच्या धोरणात 'हार्ड पार्टिशनिंग' म्हणून मान्य आहे. ती भिंत फर्मवेअरची, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरची, आहे आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे त्या पार्टिशनला कोर वापरता येत नाहीत. व्हीएमवेअरसारख्या हायपरव्हायजरवर (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) व्हीएमला चार कोर दिले तर त्याला तेच धोरण 'सॉफ्ट पार्टिशनिंग' म्हणतं आणि लायसन्स कमी करण्यासाठी ते ग्राह्य धरत नाही. व्हीएम आज या होस्टवर (सर्व्हरवर) आहे, उद्या त्या होस्टवर जाऊ शकते, म्हणून सगळे होस्ट मोजा, अशी त्यांची भूमिका. याचा अर्थ आर्किटेक्चर बदलताना फक्त ०.५ आणि १.० बदलत नाही, भिंतीचा प्रकारही बदलतो. माझ्या अनुभवात पैसे बुडतात ते बहुधा इथेच. कोर फॅक्टरचा तक्ता शोधला की कोणालाही सापडतो. भिंतीचा विचार मात्र फार थोडे लोक करतात.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगतो. पार्टिशनिंगच्या त्या दस्तऐवजावरच लिहिलेलं आहे की तो माहितीसाठी आहे, कराराचा भाग नाही. करारात शब्द आहेत ते 'जिथे सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलेलं आहे किंवा चालू आहे' असे. त्यामुळे ज्या होस्टवर डेटाबेस कधी गेलाच नाही तो का मोजायचा, असा युक्तिवाद करणारे वकील आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. पण सहकारी बँकेने हा वाद अंगावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ठेवीदारांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला ऑडिटची नोटीस, वकिलांची फी आणि वर्षभराची अनिश्चितता परवडत नाही. डेटाबेस क्लस्टरच्या बाहेर, वेगळ्या मशीनवर ठेवा. बाकीच्या व्हीएम खुशाल क्लस्टरमध्ये जाऊ देत.

मग मशीन कोणतं? उलटा हिशेब करा. तुमच्याकडे ४ लायसन्स आहेत, फॅक्टर ०.५ आहे, म्हणजे तुम्हाला ८ एक्स८६ कोर बसतात. ना ९, ना १६. म्हणून एकच सॉकेट, ८ कोर, जास्तीत जास्त वेगाचा आणि मोठ्या कॅशचा (चिपमधल्या जलद मेमरीचा) प्रोसेसर. अशा चिप मुद्दाम बनवल्या जातात. एएमडीची २०२१ सालची एपिक ७२एफ३ ही फक्त ८ कोरची चिप होती, पण तिला २५६ एमबी एल३ कॅश आणि ३.७ गिगाहर्ट्झचा मूळ वेग होता. कोरवर पैसे मोजावे लागणाऱ्या ग्राहकांना अशी चिप हवी असते, कारण कोर थोडे असले तरी प्रत्येक कोरकडून भरपूर काम करून घेता येतं. तुमच्या व्हेंडरकडे आज या वर्गातलं जे मॉडेल असेल ते मागा. 'सर, ६४ कोरवाला फक्त एवढाच महाग आहे' असं तो म्हणेल, आणि हार्डवेअरपुरतं ते खरंही असेल. तरी ८ कोरचाच घ्या. जास्तीचे कोर बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) बंद ठेवू, असाही सल्ला मिळेल. तोही नको. मशीनमध्ये बसलेले कोर मोजले जातात आणि बायोसचं सेटिंग कोणीही कधीही बदलू शकतं.

पॉवर७ च्या ४ कोरचं काम ८ नवे एक्स८६ कोर ओढतील का? बहुतेक ठिकाणी ओढतात, काही वेळा आरामात. पण अंदाजावर जाऊ नका, महिनाअखेरचे आणि व्याज आकारणीच्या दिवसांचे आकडे काढा. एआयएक्सवर (पॉवर मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) एनमॉन हे मोजणीचं साधन लावून सीपीयूचा वापर नोंदवा. डेटाबेसच्या आतलं पाहण्यासाठी ओरॅकलचा एडब्ल्यूआर हा कामगिरीचा रिपोर्ट काढायचा मोह होईल. त्याआधी तुमच्याकडे डायग्नोस्टिक्स पॅकचं लायसन्स आहे का ते बघा. तो रिपोर्ट त्या पॅकमध्ये येतो, वापरायला काही अडवत नाही आणि वापरल्याची नोंद डेटाबेस स्वतःच ठेवतो. लायसन्स नसेल तर स्टॅट्सपॅक वापरा, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. एक लक्षात ठेवा, पार्टिशनिंग (डेटाबेसमधली टेबलं विभागायचं ऑप्शन, वरची भिंत नव्हे), डायग्नोस्टिक्स वगैरे जे जे ऑप्शन घेतले असतील त्यांची संख्याही डेटाबेसच्या लायसन्सइतकीच लागते. म्हणजे कोर वाढले की सगळं एकदम वाढतं.

'प्रोसेसर सोडा, आपण युजरच्या हिशेबाने लायसन्स घेऊ,' असंही कोणीतरी सुचवेल. नेम्ड युजर प्लस या प्रकारात एंटरप्राइझ एडिशनला प्रत्येक प्रोसेसरमागे किमान २५ युजर घ्यावेच लागतात. ४ प्रोसेसरला १०० आणि ६४ प्रोसेसरला १,६००. म्हणजे माणसं मोजायला गेलात तरी चिप पाठ सोडत नाही. शिवाय तुमचे खातेदार मोबाइल बँकिंग वापरतात. मध्ये ॲप्लिकेशन सर्व्हर असला तरी पलीकडचा प्रत्येक माणूस मोजायचा असतो, त्यामुळे बँकेला हा प्रकार जवळजवळ कधीच सोयीचा पडत नाही.

ओरॅकलची स्टँडर्ड एडिशन २ विचार करण्याजोगी आहे, पण डोळे उघडे ठेवून. तिथे कोर मोजत नाहीत, भरलेले सॉकेट मोजतात. मशीनला जास्तीत जास्त २ सॉकेट चालतात आणि एक डेटाबेस एका वेळी १६ थ्रेडपेक्षा (प्रोसेसरवर एकाच वेळी चालणाऱ्या कामांपेक्षा) जास्त वापरत नाही. ६४ कोरचं मशीन घेतलंत तरी चालेल, पण बाकीचे कोर बघत बसतील. आणखी एक बारकावा: एकाच पॅकेजमध्ये दोन चिप असतील, म्हणजे मल्टिचिप मोड्यूल असेल, तर प्रत्येक चिप एक सॉकेट धरली जाते. काही पॉवर सर्व्हरमध्ये असे मोड्यूल असतात, म्हणून बाहेरून दोन सॉकेटचं दिसणारं मशीन या नियमाने चारचं ठरून थेट अपात्र होतं. तुमच्या बाबतीत मोठी अडचण वेगळीच आहे. डेटाबेसची प्रत दुसऱ्या साइटवर ताजी ठेवणारं डेटा गार्ड या एडिशनमध्ये मिळत नाही आणि तुमची डीआर त्यावरच चालते असं तुम्ही लिहिलंय.

डीआरचा विषय निघालाच आहे. मुख्य साइट एक्स८६ वर नेऊन डीआर जुन्या पॉवरवरच ठेवता येणार नाही. एआयएक्सवर पॉवर बिग-एंडियन आहे, एक्स८६ लिटल-एंडियन. डेटाचे बाइट उलट क्रमाने लिहिले जातात, त्यामुळे या दोघांमध्ये फिजिकल स्टँडबाय (डेटाबेसची जशीच्या तशी तयार ठेवलेली प्रत) बसत नाही. दोन्ही साइट एकत्रच हलवाव्या लागतील, दोन्हीकडे एकेक ८ कोरचं मशीन, दोन्हीकडे ४-४ लायसन्स. हिशेब बरोबर जुळतो. स्टँडबाय 'बंदच तर असतो' म्हणून त्याला लायसन्स नको, हा समज चुकीचा आहे. वर्षातून १० दिवसांची जी सवलत सांगितली जाते ती एकाच सामायिक स्टोरेजवर असलेल्या क्लस्टरमधल्या फेलओव्हर नोडपुरती (एक मशीन पडल्यास काम उचलणाऱ्या मशीनपुरती) असते. डेटा गार्डच्या स्टँडबायला ती लागू होत नाही.

आता डेटाबेसच्या भोवतीचं बाकी सॉफ्टवेअर. इथे प्रत्येकाची पायली वेगळी आहे आणि ८ कोरचं मशीन सगळ्यांनाच स्वस्त पडेल असं नाही. विंडोज सर्व्हर २०१६ पासून कोरवर विकला जातो, पण प्रत्येक प्रोसेसरला किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरला किमान १६ कोरचे पैसे भरावेच लागतात. म्हणजे तुमच्या ८ कोरच्या मशीनवर विंडोज टाकलंत तर १६ चे द्या. एसक्यूएल सर्व्हर २०१२ च्या आवृत्तीपासून कोरवर गेला, त्याला प्रोसेसरमागे किमान ४ कोर. व्हीएमवेअरने एप्रिल २०२० पासून एका सीपीयूच्या लायसन्सला ३२ कोरची मर्यादा घातली. २०२३ च्या अखेरीस ब्रॉडकॉमकडे गेल्यावर कायमस्वरूपी लायसन्सच बंद झाली आणि कोरवर वर्गणी आली, प्रत्येक सीपीयूला किमान १६ कोर धरून. उलट रेड हॅट लिनक्सची एक्स८६ ची नेहमीची वर्गणी सॉकेटच्या जोडीवर असते, आत ८ कोर असोत की ६४, रक्कम तीच. पण पॉवरसाठी किंवा मेनफ्रेमसाठी रेड हॅटची वर्गणी वेगळी विकली जाते, एकावरची दुसऱ्यावर चालत नाही. आणि तुमचं एआयएक्सचं लायसन्स? ते त्या मशीनच्या सिरियल नंबरला बांधलेलं आहे, मशीनबरोबरच संपेल.

आयबीएमचं एखादं सॉफ्टवेअर असेल, उदाहरणार्थ एमक्यू किंवा डीबी२, तर तिथे पीव्हीयू (प्रोसेसर व्हॅल्यू युनिट) नावाचं माप भेटू शकतं. तत्त्व कोर फॅक्टरचंच, पण एक फरक नीट पाहा. एक्स८६ चा तोच कोर २ सॉकेटच्या सर्व्हरमध्ये ७० पीव्हीयूचा, ४ सॉकेटच्या सर्व्हरमध्ये १०० चा आणि त्याहून मोठ्या सर्व्हरमध्ये १२० चा धरला जातो. म्हणजे चिप तीच, पेटी मोठी म्हणून लायसन्स महाग. त्यांच्याकडे व्हीएमवेअरमधली व्हीएम तिच्या मापाने मोजता येते, मात्र त्यांचं आयएलएमटी हे मोजणी करणारं साधन बसवून दर तिमाहीला रिपोर्ट जपून ठेवावा लागतो. ते नसेल तर पूर्ण मशीन मोजलं जातं. हे साधन बसवायला अर्धा दिवस लागतो, आणि त्या अर्ध्या दिवसाच्या आळसापायी लोकांनी भरलेली रक्कम पाहून मला प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे.

ही मापं अशी वेडीवाकडी का झाली, हे समजलं तर ती लक्षात राहतात. २००० च्या सुमारास ओरॅकल मेगाहर्ट्झवर दर लावत असे आणि त्यात रिस्क चिपचा (पॉवर, स्पार्क अशा चिपचा) मेगाहर्ट्झ इंटेलच्या दीडपट धरला जाई. ते फार टिकलं नाही. मग एक चिप म्हणजे एक प्रोसेसर असा सरळ हिशेब आला. पण पॉवर४ ने २००१ मध्ये एका चिपवर दोन कोर बसवले, २००५ मध्ये इंटेल आणि एएमडीही त्याच वाटेने गेले आणि त्याच वर्षी सन कंपनीची अल्ट्रास्पार्क टी१ ही ८ कोर, ३२ थ्रेडची चिप आली. तिचा एकेक कोर हलका होता, म्हणून तिला ०.२५ फॅक्टर मिळाला. ८ कोरला २ लायसन्स. फॅक्टर म्हणजे कोरच्या ताकदीचा अंदाज, असं तेव्हा म्हणता येत होतं. पुढे तेवढंच राहिलं नाही. डिसेंबर २०१० मध्ये ओरॅकलने नव्या इटॅनियम चिपचा (इंटेलची ही चिप एचपीच्या मोठ्या सर्व्हरमध्ये असे) फॅक्टर ०.५ वरून १.० केला आणि मार्च २०११ मध्ये इटॅनियमसाठी नवं सॉफ्टवेअर करणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. एचपी कोर्टात गेली, २०१२ मध्ये निकाल एचपीच्या बाजूने लागला, पण तोवर ज्यांनी इटॅनियमवर पैसे घातले होते त्यांची झोप उडालेली होती. तेव्हापासून मी तक्त्यातल्या आकड्याकडे तांत्रिक आकडा म्हणून पाहत नाही. तो विकणाऱ्याचा व्यापारी निर्णय असतो आणि बदलू शकतो. आज अँपिअर ॲल्ट्रा या आर्म चिपला (पॉवर आणि एक्स८६ हून वेगळ्या जातीच्या) ०.२५ आहे. आकर्षक आहे, पण तुमच्या कोअर बँकिंगच्या कंपनीने आर्मवर प्रमाणित केलंय का, हा प्रश्न आधी येतो. माझ्या माहितीतल्या बँकांमध्ये उत्तर 'नाही' असंच आलंय.

क्लाउडबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. एडब्ल्यूएस, अझुअर किंवा गूगलवर ओरॅकलचा कोर फॅक्टर लागू होत नाही. हायपरथ्रेडिंग (एका कोरचे दोन भासवणं) चालू असेल तर २ व्हीसीपीयूला (आभासी प्रोसेसरला) १ लायसन्स, नसेल तर १ व्हीसीपीयूलाच १. म्हणजे तुमच्या ४ लायसन्सवर तिथे ८ व्हीसीपीयू, म्हणजे ४ खरे कोर. तुमच्या खोलीतल्या मशीनवर त्याच लायसन्सवर ८ खरे कोर मिळतात. सरळ अर्धं. क्लाउडवर जायची इतर कारणं असू शकतात, पण हे नुकसान हिशेबात धरून जा.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर जावं का, हेही अनेक जण विचारतात. पोस्टग्रेस, लिनक्स यांसारख्या मुक्त लायसन्सला कोर, सॉकेट, चिपचा प्रकार यांच्याशी काही देणंघेणं नाही. पॉवरवर चालवा, आर्मवर चालवा, मेनफ्रेमवर चालवा. डेबियन हे लिनक्स या सगळ्यांसाठी तयार मिळतं आणि लायसन्सचा मजकूर सगळीकडे तोच. मला ही वाट मनापासून आवडते आणि नव्या, लहान प्रणालींसाठी मी तीच सुचवतो. पण चालू कोअर बँकिंगखालचा डेटाबेस हार्डवेअर बदलताना त्याच झटक्यात बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट हलवा.

आता छोटी वाटणारी, पण शाखा बंद पाडू शकणारी गोष्ट: मशीनला बांधलेली लायसन्स. मराठी डीटीपी करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. पॅरलल पोर्टला लावायचं ते 'लॉक' काढलं की फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडायचं नाही, आणि नव्या संगणकांना तो पोर्टच नसल्यामुळे कितीतरी प्रेसनी जुने संगणक केवळ त्या लॉकसाठी जिवंत ठेवले. सर्व्हरवरही हेच वेगळ्या रूपात असतं. काही वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका कारखान्यात मला रात्री बोलावलं होतं. डिझाइन विभागाचा लायसन्स सर्व्हर एका जुन्या स्पार्क वर्कस्टेशनवर होता आणि सगळ्या लायसन्स फाइल त्याच्या होस्टआयडीला (मशीनच्या ओळख क्रमांकाला) बांधलेल्या. स्पार्कमध्ये हा आयडी एका छोट्या चिपमध्ये असतो आणि तो टिकवणारी बॅटरी त्याच चिपमध्ये बंद असते. बॅटरी वयाने संपली, वीज गेली, आणि मशीन परत उठलं तेव्हा आयडी नुसता एफएफएफएफ असा दिसू लागला. यंत्रात बिघाड काहीच नव्हता, पण सकाळच्या पाळीला चाळीस माणसं बसून होती. जुन्या कागदांत होस्टआयडी लिहिलेला सापडला म्हणून आम्ही तो हाताने परत भरू शकलो.

तुमच्याकडे पॉवरचा सिरियल नंबर, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता किंवा व्हीएमचा यूयूआयडी यांना बांधलेली लायसन्स नक्की असतील. एसएमएस गेटवे, चेक क्लिअरिंगचं सॉफ्टवेअर, बॅकअपचा मास्टर सर्व्हर, रिपोर्टिंगचं साधन. प्रत्येकाच्या कंपनीला आत्ताच मेल लिहा: मशीन बदलल्यावर नवी की किती दिवसांत मिळेल, आणि एक्स८६ साठी वेगळं लायसन्स लागतं का. काहींची एआयएक्सची आवृत्ती आणि लिनक्सची आवृत्ती ही दोन वेगळी उत्पादनं असतात. त्यांना 'हलवणं' म्हणजे नव्याने विकत घेणं.

ओरॅकलची तुमची ४ लायसन्स मात्र आर्किटेक्चर बदललं तरी तुमचीच राहतात, फक्त नव्या चिपच्या फॅक्टरने मोजायची. तरी मूळ ऑर्डरचा कागद काढून एडिशन, माप आणि संख्या हे तीन शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. व्हेंडरच्या एक्सेल शीटवर विसंबू नका. टेंडरमध्येही सॉकेट आणि कोर दोन्हींची कमाल संख्या लिहा, नाहीतर 'किमान ८ कोर' या ओळीवर बोट ठेवून कोणीतरी ३२ कोरचं मशीन त्याच किमतीत आणून देईल आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.

आणि जुनं पॉवर मशीन बंद करण्याआधी त्यावर एलपारस्टॅट ही पार्टिशनची माहिती दाखवणारी आज्ञा चालवून त्याचं आउटपुट काढून ठेवा, ज्यात पार्टिशन 'कॅप्ड' असल्याचं आणि कोरची संख्या दिसते. तारीख घालून, छापून, सही-शिक्क्यासह फाइलला लावा. तीन वर्षांनी ऑडिटर जुन्या मशीनचे ८ कोर मोजू लागला, तर तेव्हा मशीन भंगारात गेलेलं असेल आणि तो कागद तेवढा तुमच्या हातात असेल.